चार टोकांची चांदणी

यंदा नाताळ नको, हे मी कुणाला बोलले नव्हते.
फक्त मैदा आणला नाही.
सलोमीला फोनवर म्हटलं, ड्युटी आहे ना तुझी,
राहा तिकडेच नवापूरला,
इथे साक्रीत काय, थंडीच आहे नुसती.

पाळकसाहेब येऊन गेले.
प्रार्थना केली, चहा घेतला,
म्हणाले, प्रभू जवळ आहे, बाई.
मी म्हटलं, हो.
असेल जवळ. पण खाटेची ती बाजू
रोज सकाळी सारवल्यासारखी सपाट असते.

नाव शांतवन, आणि गेला तो
गुरुवारच्या डायलिसिसला निघालेला,
एसटीत, माझ्या खांद्यावर डोकं टेकून,
कुसुंबा यायच्या आधी.
तिकीट धुळ्यापर्यंतचं होतं.
हे उगाच आठवत राहतं.

माळ्यावर त्याची चांदणी होती.
बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा लाल कागद.
पाचांपैकी चार टोकं मढवलेली,
पाचव्याची नुसती हाडं.
गणपतीतच करायला बसला होता.
एवढ्या लवकर? तर म्हणाला, हात चालतात तोवर.
त्या पाचव्या टोकाकडे मला बघवेना,
म्हणून वर गोणपाट टाकलं होतं.

चोवीस तारखेला गीतमंडळी आली
आणि माझ्या दाराशी ढोलकी हळू करून पुढे गेली,
आजाऱ्याच्या घरापुढून जावं तशी.
त्या हळू होण्यानेच जास्त रडू आलं.

रात्री अकराला कडी वाजली.
दारात ठेलारी पोरगा. घोंगडं, काठी, ओठ उललेले,
मागे अंधारात शे-दीडशे मेंढ्यांचा श्वास.
"मामी, तुम्हनी चांदनी कथी गयी?"

मला कळेचना.
मग सांगितलं त्याने, म्हाळू त्याचं नाव,
दरसाल डांबरीवरून लाल उजेड दिसला
की डावीकडे वळायचं,
तुमच्या मागच्या बाजरीच्या मोकळ्या रानात बसायचं.
औंदा उजेडच नाही.
पार खडीच्या खाणीपर्यंत गेलो सरळ, परत फिरलो,
त्यात एक मेंढी अडली.
"वाट चुकनूत ना आम्ही, मामी."

तक्रार होती ती. थेट माझ्याकडे.
चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला
दुःखात आहे म्हणून सोडलं नव्हतं.

गोणपाट ओढलं. धूळ नाकात गेली.
वायर, साठचा बल्ब,
दाराच्या लिंबाला टांगली ती, तशीच, अपुरी.
चार टोकं लाल झाली.
पाचव्यातून उजेड कागदाला न अडता
सरळ बाहेर पडला, पांढरा,
कुंपणावरून, डांबरीपर्यंत.
म्हाळूने मान वाकडी करून पाहिलं.
"एक शिंग मोडेल शे हिनं."

आणि मी हसले.
मोठ्याने. शेजारचा दिवा लागला.
लाज वाटली मग, तोंडावर पदर घेतला,
पदराआडही हसतच होते,
आणि रडत.
कुठलं कुठे संपलं ते सांगता येणार नाही.

देवळात दरवर्षी ऐकते मी त्या मेंढपाळांचं.
घोंगड्याला लेंड्यांचा वास असतो
हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं.
आणि त्या रात्री त्यांच्यातही असेलच की एखादा,
घरी नुकतंच कुणी पुरून आलेला,
राखणीची पाळी होती म्हणून बसलेला.
निरोप त्यालाही मिळाला.
आधी डोळे पूस, असं त्याला
कुणी म्हटलं नसावं.

तीनला मेंढी सुटली.
मी बॅटरी धरून उभी. ओलं, थरथरणारं पिल्लू,
हाताला आलं ते फडकं दिलं पुसायला.
नंतर पाहिलं, त्याचा मफलर होता.
परत मागितला नाही.

उजाडताना सलोमीला फोन लावला.
ती घाबरली, आई, काय झालं?
काही नाही गं.
दुपारची गाडी मिळते का बघ.
आणि येताना मैदा आण.